‘मिलिटरी ग्रेड’ राहू द्या, मायक्रॉन सांगा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मुठीत मावणारी धातूची टॉर्च, म्हणजे आपल्या घरात जिला नुसते ‘बॅटरी’ म्हणतात ती, आता हजारो रुपयांना विकली जाते आणि हौशी ग्राहक ती हव्या त्या रंगात करूनही घेतात. खोक्यावर ‘मिलिटरी ग्रेड’, ‘एअरक्राफ्ट अ‍ॅल्युमिनियम’, ‘हार्ड अ‍ॅनोडाइज्ड’ असे शब्द असतात. त्या शब्दांच्या भरवशावर रंग निवडणाऱ्यांसाठी आणि ते शब्द छापणाऱ्यांसाठीही हे पत्र.

‘मिलिटरी’ हा शब्द ज्यावरून आला ते अमेरिकी लष्कराचे मानक म्हणजे मिल-ए-८६२५. त्यात अ‍ॅनोडायझिंगचे, म्हणजे विजेने धातूवर ऑक्साइडचा थर आणण्याचे, तीन प्रकार आहेत : टाइप वन क्रोमिक आम्लातले, टाइप टू साध्या सल्फ्युरिक आम्लातले, टाइप थ्री हार्ड. त्यातल्या टाइप टूच्या थराची जाडी १.८ ते २५.४ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) यांमध्ये कुठेही चालते. म्हणजे दोन मायक्रॉनचा थर असलेली टॉर्चही मानकात बसते आणि पंचवीसचीही. पहिली किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर खिशात ठेवली तर फार दिवस तग धरणार नाही, दुसरी काही वर्षे काढेल. टाइप थ्रीची मर्यादाही साधारण १२.७ ते ११४ मायक्रॉन अशीच ऐसपैस आहे, आणि ग्राहकाने जाडी सांगितली नसेल तर ५० मायक्रॉन धरायची असते. तेव्हा नुसत्या ‘टाइप’ने काही कळत नाही. आपल्याकडच्या आयएस १८६८ या भारतीय मानकात जाडीचा दर्जाच मायक्रॉनवरून ठरतो. तोच आकडा खोक्यावर यायला हवा.

अ‍ॅनोडायझिंग हा रंगाचा हात नव्हे. टाकीत लटकवलेल्या अ‍ॅल्युमिनियमचाच वरचा भाग विजेच्या जोरावर ऑक्साइड होतो. थर धातूतूनच उगवलेला असल्याने त्याचे टवके उडत नाहीत. तो झिजतो किंवा खोल ओरखड्याने फाटतो, पण पापुद्रा म्हणून सुटत नाही. हार्ड अ‍ॅनोडायझिंगमध्ये साधारण निम्मी जाडी आत जाते आणि निम्मी बाहेर वाढते. ५० मायक्रॉनच्या थरात पृष्ठभाग २५ मायक्रॉनने पुढे येतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे किरकोळ वाटते, आट्यांवर मात्र नाही. ६० अंशांच्या आट्याचा पिच व्यास (आट्याच्या मधल्या उंचीवर मोजलेला व्यास) पृष्ठभागाच्या वाढीच्या चौपटीने बदलतो : २५ मायक्रॉन गुणिले ४, म्हणजे ०.१ मिलिमीटर. लेथवर चपखल बसवलेले टोपण टाकीतून आल्यावर अर्ध्यात अडकते आणि दोष अ‍ॅनोडायझिंगवाल्यावर येतो. खरी चूक ड्रॉइंगची असते. थर किती आणि कुठे, हे लेथवर काम चढण्याआधी ठरवायचे असते, नंतर नाही.

टॉर्चमध्ये आणखी एक खुबी आहे. तिचा वीजप्रवाह नळीच्या भिंतीतूनच मागच्या टोपणाकडे जातो आणि ऑक्साइडचा थर तर वीजरोधक. म्हणून नळीच्या टोकाची कड उघडी ठेवावी लागते, मास्किंग करून (ती जागा झाकून) किंवा थर चढल्यावर लेथवर फेसिंग करून (टोक खरडून). उघड्या कडेला क्रोमेट कन्व्हर्जनचा पातळ, वीजवाहक थर दिला तर ती काळवंडत नाही. आट्यांवर मात्र थर हवा. तो असला की टोपण पाव वळसा सैल करताच विद्युतमार्ग तुटतो आणि प्रवासात टॉर्च आपोआप पेटत नाही. आटेही चकचकीत पांढरे ठेवून दिलेली टॉर्च दिसली की समजावे, मास्किंगची जागा चुकली.

टाइप टूची कृती सांगायला सोपी आहे. तेलकटपणा काढा, ५० ते ६० अंशांच्या कॉस्टिकच्या द्रावणात थोडे एचिंग करा (पृष्ठभाग किंचित खाऊ द्या), नायट्रिक आम्लात काळी काजळी काढा, मग १५ ते २० टक्के सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत १८ ते २२ अंशांवर चौरस डेसिमीटरला साधारण १.५ अँपिअर प्रवाह द्या. सुमारे ३५ मिनिटांत १५ मायक्रॉन चढतात. पुढे ५० ते ६० अंशांच्या रंगाच्या टाकीत पाच ते पंधरा मिनिटे, शेवटी सीलिंग, म्हणजे थरातली छिद्रे बंद करणे. मधल्या प्रत्येक पायरीनंतर स्वच्छ पाण्याची बुडी.

चुका होतात त्या हिशेबात. बाहेरून २५ मिलिमीटर, आतून १९ मिलिमीटर व्यासाची आणि १२० मिलिमीटर लांबीची नळी घ्या. बाहेरचे क्षेत्रफळ ९४ चौरस सेंटिमीटर भरते, आतले ७२. दोन्ही मिळून १.६६ चौरस डेसिमीटर, म्हणजे अडीच अँपिअर लागणार. आतली बाजू विसरून १.४ अँपिअरच लावले, तर ३५ मिनिटांनंतर हाती पंधराऐवजी आठ-नऊ मायक्रॉन येतात. डोळ्याला फरक दिसत नाही, कारण फिकट रंग आठ मायक्रॉनवरही चढतो. काळा मात्र तांबूस-तपकिरी छटा मारतो, त्याला पंधरा ते वीस मायक्रॉन हवेतच. काळ्या टॉर्चला उन्हात धरल्यावर जांभळट झाक दिसली, तर बहुधा थर पातळ आहे किंवा रंगाच्या टाकीतला वेळ वाचवला आहे.

दुसरी चूक तापमानाची. वैशाखात नळाला ३५ अंशांचे पाणी येते. चिलर नसलेल्या टाकीत आम्लही त्याच्या आसपास जाते, शिवाय प्रवाहाची उष्णता वेगळी. २५ अंशांच्या वर आम्ल थर बांधता बांधताच तो विरघळवत राहते. थर मऊ, भुसभुशीत होतो. बोटाने घासल्यावर पांढरी पूड येते ती हीच. जॉबवर्क देण्याआधी चिलर चालू आहे का, एवढे विचारले तरी निम्मे काम होते.

तिसरी चूक आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकांची. क्लिपच्या स्क्रूसाठी केलेल्या अशा भोकात आम्ल साचते, रंगाच्या टाकीत गेल्यावर हळूहळू झिरपते आणि भोकाभोवती फिकट वर्तुळ उमटते. अ‍ॅनोडायझिंगनंतर ते भोक पिचकारीने धुऊन खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात शमवले की हे टळते. हजार नगांच्या लॉटमध्ये एवढी मेहनत कोणी घेत नाही, हेही खरे. एकटा तुकडा करून घेणाऱ्याने हा हट्ट धरावा.

आता हार्ड अ‍ॅनोडायझिंग. टाकी ० ते ५ अंशांवर, प्रवाह दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त, थर सहसा २५ मायक्रॉनच्या पुढे. पण त्याचा स्वतःचाच एक रंग असतो. ६०६१ मिश्रधातूवर तो राखाडी-हिरवट येतो आणि जाडीबरोबर गडद होत जातो. त्या पायावर लाल किंवा केशरी चढवला तर विटकरी, मळकट दिसतो. काळा तेवढा झकास बसतो. इथे निवड सरळ करावी लागते : झळझळीत रंग हवा असेल तर टाइप टू, टिकाऊपणा हवा असेल तर काळा किंवा जन्मजात राखाडी. दोन्ही एकाच नगात देतो म्हणणाऱ्याकडे नमुना मागावा.

जाडी जितकी जास्त तितके चांगले, हाही गैरसमज. थर पृष्ठभागाला काटकोनात वाढतो, त्यामुळे धारदार कडेवर दोन बाजूंचे थर एकमेकांपासून फाकतात आणि मधे फट राहते. मिल-ए-८६२५ मध्येच २५ मायक्रॉनला ०.८ मिलिमीटर आणि ५० मायक्रॉनला १.६ मिलिमीटर कडेची गोलाई सुचवली आहे. हातात धरायच्या टॉर्चला पकडीसाठी जे नर्लिंग (खरबरीत, उठावाची नक्षी) करतात, त्याच्या टोकांना इतकी गोलाई देताच येत नाही. म्हणून वापरलेली टॉर्च पहिल्यांदा तिथेच पांढरी पडते : हिऱ्याच्या आकाराच्या प्रत्येक टोकावर सुईच्या अग्राएवढा चकचकीत ठिपका. उपाय थर वाढवण्यात नाही. नर्लिंगची टोके लेथवर किंचित सपाट करावीत, ग्लास बीडचा (बारीक काचमण्यांचा) हलका मारा द्यावा आणि २५ ते ३० मायक्रॉनवर थांबावे. आमच्या मते मुठीत मावणाऱ्या वस्तूला याहून जास्त थर देणे म्हणजे वाया घालवलेली वीज.

सीलिंगबद्दल बाजारात सगळ्यात कमी बोलले जाते आणि तक्रारी सगळ्यात जास्त तिथूनच येतात. अ‍ॅनोडायझिंगचा थर मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र असतो. रंग त्या छिद्रांत बसतो. छिद्रांची तोंडे बंद केली नाहीत तर तो घामाबरोबर बाहेर येतो, रुमालाला लागतो. शुद्ध केलेल्या पाण्यात ९६ ते १०० अंशांवर मायक्रॉनमागे दोन-तीन मिनिटे उकळणे हा जुना, खात्रीचा मार्ग. १५ मायक्रॉनला अर्धा-पाऊण तास लागतो. बोअरचे पाणी वापरले तर क्षारांचा पांढुरका थर वर बसतो. रंगीत नगांना निकेल अ‍ॅसिटेटचे सीलिंग जास्त चांगले, रंग कमी सुटतो. वेळ वाचवायला पाच मिनिटांत काढलेला नग दुकानात अगदी छान दिसतो, हीच अडचण आहे.

हार्ड थराचे गणित थोडे वेगळे. सीलिंग केले की त्याची घर्षणाला टिकण्याची ताकद काहीशी कमी होते, म्हणून टाइप थ्री बरेचदा सील न करताच देतात. कारखान्यातल्या सरकत्या पुर्ज्याला ते ठीक. रत्नागिरी, मालवण किंवा पणजीला खारे वारे आणि चार महिन्यांचा पाऊस यांत वापरायच्या टॉर्चला नाही. तिथे थोडी झीज पत्करावी पण सील मागावे. मानकानुसार सील केलेल्या टाइप टूने ५ टक्के मिठाच्या फवाऱ्यात ३३६ तास काढावे लागतात. किनाऱ्यावरच्या ग्राहकाला ‘मिलिटरी’ या शब्दापेक्षा हा आकडा उपयोगाचा. त्याच टॉर्चच्या क्लिपचे स्टेनलेस स्क्रूही पाहावेत. जिथे थर खरवडला गेला तिथे स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये खारे पाणी आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते आणि स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरी पूड साठते.

उन्हाचेही तसेच. लाल, निळा, जांभळा हे रंग बहुधा सेंद्रिय (कार्बनी) रंगद्रव्यांचे, उन्हात उडणारे. गाडीच्या काचेखाली ठेवलेली जांभळी टॉर्च फिकी पडते त्यात कारागिराचा दोष नसतो. लोहाच्या क्षारातून आलेला सोनेरी आणि कथिलाच्या क्षारात विजेने चढवलेला कांस्य ते काळा हे उन्हाला टिकतात. खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियम पट्ट्यांवर वर्षानुवर्षे दिसणारा तपकिरी रंग बऱ्याचदा हाच दुसरा.

पण हे सारे धातू योग्य असेल तर. बारमधून (घन सळईतून) लेथवर काढलेली ६०६१, ६०६३ किंवा ६०८२ असेल तर उत्तम. ७०७५ ला थर येतो, छटा जुळवणे अवघड जाते. एडीसी १२ सारख्या डायकास्टमध्ये (साच्यात दाबाने ओतलेल्या मिश्रधातूत) दहा-बारा टक्क्यांपर्यंत सिलिकॉन असते, ते ऑक्साइड होत नाही. त्यावर अ‍ॅनोडायझिंग करून घेतले की काळपट डाग पडलेला नग मिळतो. डोके डायकास्ट आणि नळी बारची असेल, तर दोघांचा रंग जन्मात जुळणार नाही. सगळे भाग एकाच मिश्रधातूचे असले तरी एकाच जिगवर (टाकीत नग अडकवायच्या चौकटीवर), एकाच वेळी टाकीत जायला हवेत. जिग जिथे पकडते तिथे बारीक उघडा ठिपका राहतोच. तो कुठे चालेल, टोपणाच्या आत की नळीच्या तोंडाशी, हे आधी सांगून ठेवावे.

डायकास्टला पावडर कोटिंग किंवा सिरॅमिक पेंट. पावडर कोटिंग म्हणजे सगळ्यात मजबूत, असा आपल्याकडे समज आहे. तो ग्रिल आणि कपाटे पाहून झालेला. ६० ते ८० मायक्रॉनचा थर १८० ते २०० अंशांच्या भट्टीत शिजतो. आट्यांवर गेला तर चौपटीच्या हिशेबाने साधारण पाव मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भर पडते, टोपण फिरणारच नाही. नर्लिंगच्या खोबणीत विद्युतभारामुळे पावडर नीट शिरत नाही आणि टोकांवर साचते, पकड बोथट होते. फरशीवर पडल्यावर कडेचा टवका उडतो. त्यातून डायकास्टच्या पोकळ्यांतली हवा भट्टीत बाहेर येते आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. नग आधी कोराच, शिजवण्याच्या तापमानापेक्षा १०-२० अंश वर तापवून घेतला तर ते कमी होतात. पावडरही पॉलिएस्टर हवी. इपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढुरकी होते.

लहान वस्तूला त्यापेक्षा सेराकोटसारखे सिरॅमिक कोटिंग बरे. थर २५ मायक्रॉनच्या आसपास, रंग हवे तितके, धातूची फारशी अट नाही. त्यातल्या एच मालिकेला १२१ अंशांवर दोन तास पुरतात. मात्र आधी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवणे, मग कोरडे तापवून आतले तेल बाहेर काढणे आणि १००-१२० मेशच्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्टिंग करणे (हवेच्या जोराने ते कण मारणे), यांतली एकही पायरी गाळता येत नाही. ब्लास्टिंग झालेल्या नगाला उघड्या बोटाचा स्पर्श झाला, तर त्याच ठशाच्या आकारात कोटिंग सुटते. शेवटी हा पेंटच. किल्लीचा ओरखडा तो सोसतो, पण हार्ड अ‍ॅनोडायझिंगइतका नाही.

स्टेनलेसच्या नगाला पीव्हीडी, म्हणजे निर्वात भट्टीत बाष्पातून चढवलेला थर. एक ते तीन मायक्रॉनचा, पण पोलादाहून कितीतरी कठीण थर. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी, झिर्कोनियम नायट्राइडचा फिकट पितळी, डीएलसीचा (हिऱ्यासारख्या कार्बनचा) काळा. खालचा ओरखडा तो झाकत नाही, बफिंग जसे असेल तसेच वर दिसते. मऊ अ‍ॅल्युमिनियमवर तो देऊ नये. खालची जमीन दबली की वरचे कवच अंड्यासारखे तडकते. पितळ असेल तर आधी निकेल-क्रोम लागते, नाहीतर निर्वात भट्टीत जस्त बाहेर येते. निकेल जिथे उघडे राहून सतत हाताला लागते तिथे अ‍ॅलर्जीचा प्रश्न येतो. युरोपात अशा वस्तूंतून निकेल सुटण्याची मर्यादा आठवड्याला चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. पितळेची हौस असेल तर आम्ही म्हणू, काहीच लावू नका. काळवंडू द्या, वाटेल तेव्हा चिंचेने घासा. आपल्या घरांत पितळेला कल्हई होती ती भांड्याच्या आतून, हाताच्या बाजूने नाही, ते उगाच नव्हे.

आहे ती टॉर्च नव्या रंगात करून घेणाऱ्यांना एक इशारा. जुना थर कॉस्टिकमध्ये काढतात तेव्हा त्यात गेलेला धातू परत येत नाही, वर कॉस्टिक धातूही खाते. एकदा ठीक. दुसऱ्यांदा आटे खुळखुळतात, ओ-रिंगची (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याची) खोबण रुंदावते आणि पाण्याला टिकण्याची हमी संपते. नग देताना लिथियम सेल, काच, एलईडीचे सर्किट, स्विच, सगळ्या ओ-रिंग काढून द्याव्यात. सेल आत ठेवून भट्टीत गेलेला नग म्हणजे स्फोटाला आमंत्रण. घरी बादलीत अ‍ॅनोडायझिंग करण्याचे धाडस नको. गाडीच्या बॅटरीचे आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात ओतायचे असते, पाणी आम्लात नव्हे, आणि टाकीतून हायड्रोजन निघत असतो. शिवाय ते पाणी गटारात जाते.

विक्रेत्यांना आणि ग्राहक संघटनांना आमची मागणी इतकीच : खोक्यावर मिश्रधातू, प्रक्रिया, थराची जाडी मायक्रॉनमध्ये आणि सील आहे की नाही, या चार गोष्टी छापा. जॉबवर्कच्या पावतीवरही याच चार लिहून घ्याव्यात. ‘ब्लॅक अ‍ॅनो, १ नग’ एवढ्या पावतीवर उद्या भांडताही येत नाही.

नग हाती आल्यावर तपासायला दहा मिनिटे पुरतात. ओल्या पांढऱ्या कापसाने जोरात घासा. रंग आला तर सील नाही. टोपणाच्या आतल्या बाजूला शाईचा थेंब पाच मिनिटे ठेवून पुसा. डाग राहिला तरी तोच निष्कर्ष. मल्टिमीटरची टोके न दाबता थरावर टेकवा. प्रवाह दिसला तर तिथे थर नाही. पेंट असेल तर सोबत आलेल्या नमुन्याच्या तुकड्यावर एक-एक मिलिमीटरवर सहा आडव्या, सहा उभ्या रेघा ब्लेडने ओढून चिकटपट्टी लावा आणि झटक्यात काढा. चौकोन सुटून आले तर ब्लास्टिंग नीट झालेले नाही. हा तुकडा कारागिराकडून मुद्दाम मागावा लागतो, मुख्य नगाबरोबर त्याच जिगवर लावलेला. आणि स्वच्छ करताना धुण्याचा सोडा किंवा ओव्हन क्लीनर वापरू नये. हा थर अल्कलीत विरघळतो. साबणाचे कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरे.

आपले,
पृष्ठप्रक्रियेचे काम करणारे दोन वाचक,
पिंपरी-चिंचवड